भरलेली गाडी

लोहखेडे, ता. रावेर
१२ सप्टेंबर १९९०

प्रिय केवल,

पत्र लिहायला कारण लागतं, आणि कारण पोत्यात भरून पाठवतोय. आजच्या सकाळच्या धुळे गाडीच्या कंडक्टरकडे पोतं दिलं आहे. त्यात आमच्या पिकअपचे चारही चाकांचे ब्रेकचे शू आहेत आणि मागचे दोन ड्रम. स्टँडवर माणूस पाठवून तेवढं उतरवून घे.

जुलैत या शूंवर नवे लायनर बसवले होते. दोन महिनेही झाले नाहीत आणि संपले. याआधीचे तीन महिने टिकले, त्याआधीचे आठ. जळगावात तीन दुकानं फिरलो. एक म्हणतो कडक लायनर घ्या, दुसरा म्हणतो मऊ, तिसरा म्हणतो ड्रमच बदला. प्रत्येक जण आपल्या दुकानात पडून असलेला माल माझ्या गाडीत घालायला बघतो. मी दमलो आता. बोर्डिंगात चार वर्षं तुझ्या घोरण्याशेजारी झोपलो, त्याची भरपाई म्हणून तरी मला खरं काय ते सांग. लायनर कुठला घेऊ, ड्रम घेऊ की नको?

केळीची कटाई जोरात आहे. स्टेशनात वॅगन लागली की माल त्याच दिवशी पोचवावा लागतो, आणि गाडी चाकं उघडून अंगणात उभी आहे. शेजारच्याची बैलगाडी मागून दिवस काढतोय.

कुंदा विचारते, धुळ्याची माणसं सुखी आहेत का.

तुझा,
तोताराम


आग्रा रोड, धुळे
२० सप्टेंबर १९९०

तोताराम, जय जिनेंद्र.

धुळ्याची माणसं सुखी असती तर स्पेअर पार्ट विकत बसली नसती, असं वहिनींना सांग. सकाळी शटर वर करायचं, ग्रीसचे हात घेऊन दुपारी जेवायचं, संध्याकाळी शटर खाली. पंचवीस वर्षं झाली. मुलगा म्हणतो दुकानात बसणार नाही. बरोबरच म्हणतो.

तुझं पोतं उघडलं. आधी ड्रमचं ऐक. हे ड्रम दोनदा लेथवर घासले गेलेत. आता तिसऱ्यांदा घासून देतो असं कुणी म्हणालं तर त्याच्या दुकानातून उठून ये. पातळ ड्रम लवकर तापतो, तापला की फुगतो, आणि मग पेडल खाली खाली जातं. नवेच घे. पुढचेही खोलून बघ, तेही गेलेच असतील.

लायनरचं असं आहे. कडक घेतलास तर टिकेल, पण ड्रम खाईल आणि थंड असताना उशिरा धरेल. मऊ लगेच धरतो, तसाच लगेच संपतो. डोंगरउताराला मी मधला देतो, पितळी तारेच्या विणीचा. तोच रिव्हेट मारून पाठवतोय. पण माल निवडायचा तर मला तीन गोष्टी कळायला हव्यात. तू खरं किती वजन भरतोस, रस्त्याला उतार किती, आणि गाडीवर माणूस कोण. कागदावरचं वजन सांगू नकोस. ते पोलिसांना सांग.

केवलचंद


लोहखेडे
४ ऑक्टोबर १९९०

प्रिय केवल,

पोतं मिळालं. लायनर बसवले, नवे ड्रम घातले. गाडी छान थांबते. तुझे उपकार.

वजन म्हणशील तर एका खेपेला अठरा क्विंटल, वर पाच हमाल. तुला म्हणून खरं सांगतो. उतार आहे. आमचं गाव सातपुड्याच्या पायथ्याला, स्टेशन खाली. बारा किलोमीटरांत तीन नाले लागतात, तिसऱ्या नाल्याचा उतार वाईट, वळणही तिथेच.

गाडीवर झुलाल आहे. मूळ पारोळ्याचा, अकरा वर्षं आमच्याकडे. आधी ट्रॅक्टरवर होता, पिकअप घेतल्यापासून तिच्यावर. कमी बोलतो. बायको सुंदरबाई इथेच केळीच्या कामाला येते. अकरा वर्षांत त्याने एकदा सुट्टी मागितली, बाप गेला तेव्हा. गाडी धुतल्याशिवाय घरी जात नाही.

बाकी माझं ठीक. हल्ली थकवा फार. पाणी कितीही प्यालो तरी तहान जात नाही. परवा मळ्यातून घरी आलो तर एका पायात चप्पल आणि दुसरा पाय अनवाणी. कुंदा हसायला लागली. "तुमच्या पायातली वहाण गेली तरी तुम्हाले समजत नाही, मग मळ्यात काय चाललंय ते काय समजीन," म्हणाली. वय झालं, दुसरं काय.

तोताराम


धुळे
२ डिसेंबर १९९०

तोताराम,

तुझं दुसरं पोतं काल आलं. उघडून मी बराच वेळ नुसता बसलो.

आधी एक हिशेब नीट करू. तुझे अठरा क्विंटल म्हणजे व्यापारी घडाच्या दांड्याचं वजन कापून जे लिहितो ते. होय ना? तुम्ही केळीवाले वजन सांगता ते नेहमी दांडा वजा करूनच. दांड्याचं वजन व्यापारी कापतो बाबा, ब्रेक कापत नाही. त्यात खालीवर घातलेला पाला आणि वर बसलेले पाच हमाल धर. पण तेवढ्यानेही आठ आठवड्यांत नवे लायनर जात नाहीत.

आता लायनर काय सांगतात ते ऐक. जोरात ब्रेक मारणाऱ्याचे लायनर खरवडल्यासारखे दिसतात. तुझे गुळगुळीत आहेत, वर काळी चकाकी. नव्या ड्रमच्या आत निळे डाग पडलेत. लोखंड निळं होतं म्हणजे ते किती तापलं असेल बघ. एक चाक चिकटत असतं तर एकाच चाकात हे दिसलं असतं. चारही चाकांत सारखं आहे. याचा अर्थ एकच. गाडी चालवणाऱ्याचा पाय ब्रेकवर पडून असतो. थांबवायचं नसतानाही. सबंध रस्ताभर.

आता मी तुला सोन्याचा लायनर दिला तरी टिकणार नाही. माल बदलून काही होणार नाही, माणूस बदल. असल्या पायाखाली गाडी देऊन पाच माणसं वर बसवणं बरं नाही. एक दिवस ब्रेकचं तेल उकळेल, आणि उकळलं की पेडल दाबलं तरी गाडी थांबत नाही.

नवे लायनर पाठवतोय. मनावर घे.

केवलचंद


लोहखेडे
२० डिसेंबर १९९०

केवल,

झुलालला काढलं.

तुझं पत्र आलं त्या दिवशी कटाई चालू होती. राग आला होता. अकरा वर्षं मी याच्यावर विसंबलो आणि हा पाय पसरून गाडी चालवतो, असं मनात बसलं. पत्र हातात घेऊनच अंगणात गेलो. हमाल चहा पीत होते. अभिमन होता, बाकी चौघे होते. मी त्यांच्यासमोरच म्हणालो, "झुलाल, तुझा पाय ब्रेकवरून हलत नाही. चार वेळा लायनर घातले. किल्ली ठेव."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग हमालांकडे. किल्ली खिशातून काढून ओट्यावर ठेवली. जाताना एवढंच म्हणाला, "मालक, एकदाव इचारतात ते बरं व्हतं."

चार दिवसांनी सुंदरबाई भांडीकुंडी बांधून त्याच्यासोबत पारोळ्याला गेली. कुंदा माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. मलाही बरं वाटत नाही, खोटं कशाला सांगू. पण तू कधी चुकीचा माल दिला नाहीस, तेव्हा चुकीचा सल्लाही देणार नाहीस. आता दुसरा चालक मिळेपर्यंत दोन्हीकडच्या खेपा मीच करतो. अंग मोडून येतं.

तोताराम


लोहखेडे
९ फेब्रुवारी १९९१

केवलचंद,

सोमवारी तिसऱ्या नाल्याच्या उतारावर ब्रेक गेला. पेडल पार खाली गेलं, जणू खाली काही नव्हतंच. पुन्हा मारला, पुन्हा मारला. वळणावर गाडी बांधावर घातली म्हणून थांबली. नाही तर सरळ नाल्यात गेली असती. चौघे उड्या मारून वाचले. अभिमन केळीच्या घडांखाली आला. त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. भुसावळला नेऊन प्लॅस्टर घातलं. तो हमाल आहे. हातावरच त्याचं घर चालतं.

झुलाल गेल्याला दीड महिना झाला. तुझेच लायनर, तुझेच ड्रम, तुझाच सल्ला. काय चुकलं ते आता तूच सांग. मला तर वाटतं, तू मला खोटा माल दिलास आणि झाकायला माझा माणूस काढायला लावलास. लिहिताना लाज वाटते, पण असंच वाटतं. पोतं पाठवत नाही. पाठवायची ताकद नाही.

तोताराम


धुळे
१८ फेब्रुवारी १९९१

तोताराम,

तुझ्या शिव्या वाचल्या. ठेवून घेतल्या. त्यातल्या अर्ध्या माझ्याच आहेत. का ते सांगतो, शेवटपर्यंत वाच.

गेल्या बुधवारी दुकानात एक माणूस आला. डोक्याला रुमाल, हातात लायसन. चालकाची जागा आहे का म्हणून आग्रा रोडवरच्या दुकानादुकानांत विचारत होता. नाव विचारलं तर झुलाल. कुठे होतास, तर लोहखेडे. मी त्याला सांगितलं नाही की मी कोण. बसवलं, पाणी दिलं.

तो बसून होता आणि मला तुझे निळे ड्रम डोळ्यांसमोर दिसत होते. म्हटलं, बघू तरी हा पाय. माझ्याकडे ओळखीच्याची एक पिकअप दुरुस्तीला होती. तिच्यात इंजिनचे जुने भाग भरले, वजन झालं भरपूर. त्याला म्हटलं, लळिंगचा घाट चढून उतर, मी शेजारी बसतो. चढला, उतरला. उतारावर गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये घातली. पाय ब्रेकवर गेला फक्त वळणांवर, आणि लगेच परत आला. खाली येऊन मी चाकांच्या ड्रमवर हात ठेवला. कोमट होते. तोताराम, इतके हलके पाय मी पंचवीस वर्षांत चार-पाच पाहिले असतील.

मग मी त्याला सरळ विचारलं, तुझ्या मालकाच्या गाडीचे ड्रम निळे का झाले? तो खाली बघत म्हणाला, "शेठ, भरेल गाडी मना हातमा कधीच नही राहे. ती मालक चालाडतस. मी रिकामी लयी येस."

मला आधी कळलंच नाही. पुन्हा विचारलं. त्याने सांगितलं, तुमच्या घरची रीत आहे म्हणून. भरलेली गाडी घरच्या माणसानेच स्टेशनावर न्यायची, रिकामी चालकाने परत आणायची. मी म्हटलं, मग त्याच दिवशी हे मालकाला का नाही सांगितलंस? म्हणाला, "पाच माणसे उभा व्हतात. तेस्ना देखता मालकले काय सांगू?"

तू मला लिहिलंस, गाडीवर झुलाल आहे. ते खोटं नव्हतं. तुझ्या डोक्यात चालक म्हणजे झुलाल, आणि तू नेतोस ती केळी. तू गाडी चालवतोस असं तुला कधी वाटलंच नाही. आणि मी शहाणा, न बघितलेल्या माणसाचा पाय दुकानात बसून ओळखला. पाय बरोबर ओळखला, माणूस चुकला. याचं मला फार वाईट वाटतं.

अजून एक. माझी आई मोहनबाई शेवटी कशाने गेली ते तुला माहीत आहे. तिला साखरेचा आजार होता. हिवाळ्यात पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी दिली, ती रात्रभर पायाला चिकटून होती. सकाळी कातडी निघाली तेव्हा आम्हाला कळलं. तिला कळलंच नव्हतं. तुझं ते तहानेचं आणि हरवलेल्या चपलेचं पत्र मी काल पुन्हा काढून वाचलं. तेव्हाच ध्यानात यायला हवं होतं, पण मी लायनर बघत होतो.

डोळे मिटून बस आणि वहिनींना तुझ्या तळव्याला सुई लावायला सांग. मग लिही. तोपर्यंत गाडीवर चढू नकोस, तुला शपथ आहे.

केवल


लोहखेडे
६ मार्च १९९१

केवल,

कुंदाने सुई लावली. मी डोळे मिटून बसलो होतो. म्हटलं, लाव की. डोळे उघडले तर ती रडत होती. डाव्या पायात सुई दोनदा टोचून झाली होती, उजव्यात पाच वेळा. रक्ताचे थेंब होते. "माय वो, तुम्हाले काहीच समजलं नाही," एवढंच म्हणत राहिली.

जळगावला डॉक्टरांकडे गेलो. साखर चारशेच्या वर निघाली. डॉक्टर म्हणाले, बरीच वर्षं असणार. गोळ्या दिल्या, भात-गूळ बंद केला, अनवाणी फिरायचं नाही असं बजावलं. पायाचं जे गेलं ते परत येईल असं सांगता येत नाही म्हणाले. मी त्यांना लायनर किती महिने टिकले ते सांगितलं. आठ, मग तीन, मग दोन. ते म्हणाले, तुमच्याकडे आमच्यापेक्षा चांगला रिपोर्ट होता.

रीत आजोबांची आहे. बैलगाडीच्या दिवसांत पिकलं-तोडलं ते घरच्यानेच बाजारापर्यंत हाकायचं, सालदार गड्याने रिकामी गाडी आणायची. वडिलांनी तेच केलं, मीही केलं. गाडीला इंजिन आलं तरी रीत तीच राहिली. मला खरंच कधी वाटलं नाही की मी चालक आहे. वर माणसं बसवून मी पाय ब्रेकवर टाकून जात होतो आणि ड्रम जळत होते. वास यायचा. मी म्हणायचो, झुलाल गाडीची काळजी घेत नाही.

अभिमनचं प्लॅस्टर अजून दहा दिवस आहे. त्याचं घर मी बघतोय. तो म्हणतो, ब्रेकच गेला, त्यात तुमची काय चूक. मी त्याला अजून सांगितलेलं नाही. तुझ्यावर जे लिहिलं त्याबद्दल काय म्हणू.

झुलाल पारोळ्यात आहे का? मी त्याला निरोप पाठवतो.

तोताराम


धुळे
११ मार्च १९९१

तोताराम,

निरोप पाठवू नकोस. जा.

पारोळ्यात बाजार समितीजवळ कुणाच्या तरी ट्रॅक्टरवर लागला आहे. माझ्याकडे जागा होती, मी देऊ केली. म्हणाला, विचार करून सांगतो. मला वाटतं तो तुझी वाट बघतो आहे. मला वाटतं म्हणजे खात्री नाही. या वेळी मी न बघता काही सांगणार नाही.

माझ्यावर जे लिहिलंस ते मी विसरलो. वय झालं, दुसरं काय. गोळ्या वेळेवर घे.

केवल


लोहखेडे
२ एप्रिल १९९१

प्रिय केवल,

पारोळ्याला गेलो. एसटीने. झुलाल घरी नव्हता. सुंदरबाई दारात उभी होती, आत या म्हणाली नाही. मी ओट्यावर बसलो. तासाभराने तो आला. मी त्याला सगळं सांगितलं, सुईपासून. सांगून झालं तेव्हा सुंदरबाईने चहा आणून माझ्यापुढे ठेवला. बिनसाखरेचा होता. मी तिला सांगितलं नव्हतं, पण आतून ऐकत होती.

झुलाल म्हणाला, "माले तुम्ही पाच माणसेसमोर काढं." मी म्हटलं, पाच माणसांसमोरच परत नेतो. मग तो म्हणाला, "भरेल गाडी बी मीच चालाडसू. नही ते येत नही." मी हो म्हणालो. आजोबांची रीत मी त्याच्या ओट्यावर बसून मोडली. वाटलं होतं तेवढं जड गेलं नाही. मी फार थकलो होतो.

काल तो आला. अंगणात हमाल होते, अभिमन हात गळ्यात बांधून बसला होता. मी सगळ्यांसमोर म्हणालो, लायनर झुलालने खाल्ले नाहीत, मी खाल्ले. माझ्या पायाला कळत नाही. अभिमन, तुझा हात माझ्या पायामुळे मोडला. अभिमनने मान खाली घातली आणि मी ओट्यावर ठेवलेली किल्ली झुलालने उचलली.

दुरुस्त केलेल्या गाडीची पहिली भरलेली खेप निघाली. वर चौघे बसले. मी शेजारच्या सीटवर बसलो. चाळीस वर्षांत भरलेल्या गाडीत मी या बाजूला कधी बसलो नव्हतो. दोन नाले गेले. तिसऱ्या नाल्याचा उतार लागण्याआधीच त्याने गिअर खाली घातला. बांधावर आपली गाडी घुसली होती तिथे माती अजून तशीच आहे. मी ती बघत होतो.

झुलाल हळूच म्हणाला, "मालक, पाय काढा."

मला कळलं नाही. त्याने नजरेने खाली दाखवलं. माझा उजवा पाय समोरच्या पत्र्यावर दाबून धरलेला होता, सगळ्या ताकदीने, गुडघा ताठ झालेला. तिथे ब्रेक नव्हता, काहीच नव्हतं. मी कधी दाबला ते मला माहीत नाही. मी दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलला आणि मागे ठेवला.

झुलालने उतार संपेपर्यंत माझ्याकडे पाहिलं नाही.

तोताराम